विळ्याच्या आकाराची पेशी आणि रक्तवाहिनीची भिंत

१९०४ सालच्या डिसेंबर महिन्यांत अमेरिकेंतील शिकागो शहराच्या एका रुग्णालयांत वॉल्टर क्लेमेंट नोएल नांवाचा वीस वर्षांचा एक विद्यार्थी दाखल झाला. तो वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटाचा राहणारा असून दंतवैद्यक शिकण्याकरितां शिकागोस आला होता. खोकला, अशक्तपणा आणि पायांवर जुन्या व्रणांचे वण, अशी त्याची स्थिति होती. अर्नेस्ट आयर्न्स या तरुण डॉक्टरानें त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, तेव्हां नेहमींच्या वाटोळ्या तांबड्या पेशींच्या जोडीला कांहीं लांबट, टोकांस निमुळत्या आणि मध्यें वाकलेल्या पेशी त्यास दिसल्या. आयर्न्सचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनीं १९१० सालीं हा वृत्तांत छापून प्रसिद्ध केला, आणि त्या पेशींचें वर्णन करितांना विळ्याची उपमा दिली. पुढें १९२२ सालीं व्हर्न मेसन यांनीं रोगासही तेंच नांव दिलें. नोएल मात्र शिक्षण पुरें करून मायदेशीं परतला, तेथें त्यानें दवाखाना थाटला, आणि १९१६ सालीं न्यूमोनियानें ऐन तारुण्यांत तो वारला.

उपमा चपखल असली म्हणजे ती मनांत घर करते, आणि मनांत घर केलेली उपमा पुष्कळदां विचाराची वाटही अडविते. या रोगाच्या बाबतींत कांहींसें तसेंच झालें. विळा डोळ्यांस दिसला. पण तो ज्या नळींतून वाहतो तिच्या भिंतीकडे पुढें कित्येक वर्षें फारसें कोणीं पाहिलें नाहीं. वांकड्या पेशी अरुंद जागीं अडकतात, रक्त थांबतें आणि वेदना होतात, एवढ्या सोप्या उपपत्तीवर पाठ्यपुस्तकें संतुष्ट होतीं. भिंत ही नुसती भिंत नसून या व्याधींतील ती एक जागृत भागीदार आहे, ही गोष्ट १९८० च्या सुमारास ध्यानांत येऊं लागली.

हा रोग परक्या मुलखाचा नव्हे. १९५२ सालीं निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींमध्यें या गुणाचा प्रथम शोध लागला. महाराष्ट्रांत गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा आणि नागपूर हे जिल्हे, अमरावतीचा मेळघाट व नंदुरबारचा डोंगराळ भाग या ठिकाणीं तो विशेषेंकरून आढळतो. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा, कोरकू यांच्यांत तर तो आहेच, पण आदिवासी नसलेल्या समाजांतही आहे. तिकडील लोक त्यास ‘सिकलसेल’ याच नांवानें ओळखतात. ज्यास आईकडून किंवा बापाकडून असा एकच दोषी वारसा मिळाला, तो वाहक. त्यास सहसा कांहीं त्रास होत नाहीं. उलट, अँथनी ॲलिसन यांनीं १९५४ सालीं पूर्व आफ्रिकेंतील पाहणीवरून दाखविलें कीं, घातक हिंवतापापासून अशा माणसाचें कांहीं अंशीं रक्षण होतें. म्हणूनच जेथें हिंवताप पिढ्यान्‌पिढ्या वसला, तेथें हा गुणही टिकला. आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक खेपेस चारांत एक या प्रमाणानें मूल रोगी निपजण्याचा संभव असतो. ज्यास दोन्हीकडून हा वारसा मिळतो, त्याची कथा पुढें आहे.

प्रथम पेशीच्या आंत काय घडतें तें पाहणें अवश्य आहे. तांबडी पेशी ही हिमोग्लोबिन या द्रव्यानें गच्च भरलेली, मध्यें चेपलेली अशी चकती होय. फुप्फुसांतून प्राणवायु घ्यावयाचा आणि शरीराच्या कानाकोपऱ्यांत नेऊन सोडावयाचा, हें तिचें काम. तिची रुंदी सातआठ सहस्रांश मिलिमीटर. आणि तिला ज्या केशवाहिन्यांतून जावें लागतें त्यांपैकीं पुष्कळांची रुंदी तिच्याहूनही कमी. निरोगी पेशी इतकी लवचिक असते कीं, ती अंग आंखडून, दुमडून पार होते आणि पलीकडे निघतांच पुन्हा पूर्ववत्‌ वाटोळी होते. असें १२० दिवस चालतें, आणि मग ती जीर्ण होऊन मोडीत निघते.

हिमोग्लोबिनच्या रेणूंत चार साखळ्या असतात. त्यांपैकीं ‘बीटा’ नांवाच्या साखळीला १४६ दुवे आहेत, आणि या रोग्यांत त्यांपैकीं सहावा दुवा बदललेला असतो. १९४९ सालीं लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या हिमोग्लोबिनचा विद्युद्भार वेगळा असल्याचें दाखविलें आणि ‘रेणूचा रोग’ ही कल्पनाच वैद्यकाला नवी दिली. १९५७ सालीं केंब्रिज येथें व्हर्नन इन्ग्रॅम यांनीं नेमका दुवा हुडकून काढला. ग्लुटामिक आम्लाच्या जागीं व्हॅलिन आलें होतें, एवढेंच. ग्लुटामिक आम्ल पाण्यांत सुखानें राहतें. व्हॅलिन पाण्याशीं फटकून वागतें. रेणूनें प्राणवायु सोडला म्हणजे शेजारच्या रेणूवर एक खांच उघडी पडते, आणि पाण्यापासून तोंड लपवूं पाहणारें व्हॅलिन तींत जाऊन बसतें. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असे रेणु जोडले जाऊन चौदा पदरांचा पीळदार दोर तयार होतो. असे अनेक दोर पेशींत ताणले गेले म्हणजे ती आंतून ताठ होते, आणि तिचें अंग ओढलें जाऊन विळ्यासारखें दिसूं लागतें. प्राणवायु परत मिळतांच दोर विरघळतात. पण हें वरचेवर होत राहिल्यानें पेशीचें आवरण फाटकें होतें, तिच्यांतील पाणी निघून जातें, आणि शेवटीं कांहीं पेशी कायमच्या वांकड्या राहतात. अशी पेशी १२० दिवसांऐवजीं दहावीस दिवसच जगते.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. प्राणवायु सुटल्याबरोबर दोर तयार होत नाहींत. मध्यें कांहीं विलंब लागतो. हा विलंब १९७४ सालीं विल्यम ईटन व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंत मोजला. पेशींतील हिमोग्लोबिन जितकें दाट, तितका विलंब कमी. आणि हें प्रमाण सरळ नसून अत्यंत तीव्र आहे, म्हणजे दाटपणा थोडा वाढला कीं विलंब अनेक पटींनीं घटतो. आतां पेशीला केशवाहिनी ओलांडावयास सामान्यतः एखादा सेकंद पुरतो. म्हणजे ही एक शर्यतच आहे. दोर वळले जाण्यापूर्वीं पेशी अरुंद वाटेंतून निसटून मोठ्या शिरेंत पोंचली, तर ती तेथें वांकडी झाली तरी अडत नाहीं, आणि फुप्फुसांत जाऊन पुन्हा सरळ होते. बहुतेक पेशी बहुतेक वेळां ही शर्यत जिंकतात. नाहीं तर असा रोगी एक दिवसही जगता ना. मग प्रश्न असा उरतो कीं, ज्या दिवशीं वेदनेचा झटका येतो, त्या दिवशीं पेशींना वाटेंत कोण अडवितें?

जुन्या उपपत्तीपाशीं याचें उत्तर नव्हतें. शिवाय तिला आणखी एक अडचण होती. वेदना जर वांकड्या पेशींमुळें होत असतील, तर ज्याच्या रक्तांत अशा पेशी अधिक, त्यास झटकेही अधिक यावयास हवेत. प्रत्यक्षांत तसें दिसेना. कायमच्या वांकड्या पेशींचें प्रमाण रक्त किती नासतें याच्याशीं जुळे. वेदनेच्या झटक्यांशीं जुळेना.

१९८० सालीं मिनेसोटा येथील रॉबर्ट हेबेल यांच्या मंडळीनें निराळ्या दिशेनें पाहिलें. रक्तवाहिनीच्या आंतल्या बाजूस एकाच पेशीच्या जाडीचा जो पातळ थर असतो, त्यास अंतःस्तर म्हणतात. त्या थरांतील पेशी कांचपात्रांत वाढवून त्यांच्यावर त्यांनीं निरोग्यांच्या व रोग्यांच्या तांबड्या पेशी सोडल्या, आणि मग धुऊन काढल्या. निरोगी पेशी सहज वाहून गेल्या. रोग्यांच्या पेशी चिकटून राहिल्या. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, ज्या रोग्याच्या पेशी अधिक चिकट, त्याचें दुखणें अधिक कडक, असा मेळ दिसून आला. आकार जें सांगूं शकला नाहीं, तें चिकटपणानें सांगितलें.

मग जिवंत वाहिन्यांत हें कसें घडतें तें पाहण्यांत आलें. न्यूयॉर्क येथील धनंजय कौल आणि त्यांचे सहकारी यांनीं उंदराच्या आंतड्याजवळील पातळ पडद्यांतील वाहिन्यांतून रोग्यांच्या पेशी वाहविल्या व सूक्ष्मदर्शकांतून त्यांचा प्रवास पाहिला. त्यांचा १९८९ सालचा निबंध वाचण्यासारखा आहे. तर्कानें कोणीही म्हणेल कीं, पेशी सर्वांत अरुंद अशा केशवाहिनींत अडकेल आणि सर्वांत ताठ अशी पेशी प्रथम अडकेल. दोन्ही तर्क खोटे ठरले. चिकटणें सुरू झालें तें केशवाहिनीच्या पुढें असणाऱ्या, तिच्याहून किंचित्‌ रुंद अशा सूक्ष्म नीलांत, विशेषतः जेथें वळण किंवा संगम असतो तेथें. कारण त्या जागीं प्रवाह मंद असतो. आणि प्रथम चिकटल्या त्या कोंवळ्या, मऊ पेशी. ताठ पेशीला भिंतीशीं अंग घासून बसतां येत नाहीं. मऊ पेशी भिंतीवर पसरून बसते. पाटाच्या वळणावर एखाद्या मुळीला पहिली ओली काडी लपेटून बसते, आणि मग तिच्यामागें वाळका कचरा तुंबत जातो, हें शेतकऱ्यास ठाऊक आहे. येथेंही तसेंच. कोंवळ्या पेशींनीं वाट अरुंद केली म्हणजे मागून येणाऱ्या दाट, ताठ पेशी तेथें येऊन अडकतात, प्रवाह थबकतो, विलंबाची मुदत संपते, केशवाहिनींत अडकून पडलेल्या पेशी तेथेंच प्राणवायु गमावून वांकड्या होतात. विळा हा अडथळ्याचें पहिलें कारण नसून पुष्कळ वेळां तो अडथळ्याचें फळ असतो.

कोंवळ्याच पेशी चिकट कां, याचें कारण या रोगाच्या पोटांतच आहे. पेशी लवकर मरतात म्हणून अस्थिमज्जेला घाईनें नव्या पेशी पुरवाव्या लागतात. नवजात पेशीच्या अंगावर कांहीं प्रथिनांच्या आंकड्या असतात. मज्जेंत असतांना भोंवतालच्या पेशींना धरून राहण्यासाठीं त्या हव्याच असतात, आणि परिपक्व होऊन बाहेर पडण्यापूर्वीं त्या गळून जातात. घाईंत बाहेर पडलेल्या पेशीच्या आंकड्या मात्र तशाच राहतात. पण नुसती आंकडी असून भागत नाहीं. तिला अडकावयास कडी लागते, आणि कडी भिंतीवर असते. निरोगी अंतःस्तर गुळगुळीत असतो. कोठें जखम झाली किंवा जंतु शिरले म्हणजे तो आपल्या पृष्ठावर अशा कड्या उभ्या करतो, हेतु हा कीं, वाहत्या रक्तांतील पांढऱ्या पेशींना तेथें थांबून आंत शिरतां यावें. ही शरीराची रक्षणव्यवस्था आहे आणि इतरांच्या बाबतींत ती उपकारकच ठरते. या रोग्याच्या बाबतींत पांढऱ्या पेशींसाठीं मांडलेल्या आसनावर तांबड्या पेशी येऊन बसतात. ताप आला कीं वेदनेचा झटकाही त्याच्या मागोमाग येतो, असें जें रोग्यांच्या आया वर्षानुवर्षें सांगत आल्या, त्याचें इंगित येथें आहे.

पांढऱ्या पेशीही या प्रकरणांत नुसत्या साक्षीदार नाहींत. १९९४ सालीं अमेरिकेंत झालेल्या एका मोठ्या पाहणींत असें आढळलें होतें कीं, ज्या रोग्यांत पांढऱ्या पेशींची संख्या सतत अधिक, ते लवकर दगावतात. तांबड्या पेशींच्या रोगांत पांढऱ्यांचा संबंध काय, असें तेव्हां वाटलें असल्यास नवल नाहीं. २००२ सालीं पॉल फ्रेनेट व त्यांचे सहकारी यांनीं, हा रोग मुद्दाम उत्पन्न केलेल्या उंदरांच्या सूक्ष्म नीला जिवंतपणीं पाहिल्या. तेथें प्रथम पांढऱ्या पेशी भिंतीला धरून बसत, आणि वाहून जाणाऱ्या तांबड्या पेशी त्यांना येऊन डसत. म्हणतां म्हणतां नीला बंद होई. भिंतीवरील ‘सिलेक्टिन’ नांवाच्या दोन कड्या ज्या उंदरांत जन्मतःच नव्हत्या, ते या संकटांतून बचावले. म्हणजे ओली काडी ही दोन जातींची असूं शकते, कोंवळी तांबडी किंवा पांढरी. मागचें तुंबणें तेंच.

भिंत एवढी चिडलेली कां राहते, हा पुढचा प्रश्न. ताप नसतांही ती पुरती शांत नसते, असें दिसून आलें आहे. त्याचें एक मोठें कारण फुटलेल्या पेशींतून सांडणारें हिमोग्लोबिन हें होय. निरोगी माणसांतही थोडें हिमोग्लोबिन सांडतें; तें वेंचून नेणारीं प्रथिनें रक्तद्रवांत असतात. परंतु रोग्यांत सांड इतकी असते कीं, हीं वेंचणारीं प्रथिनें संपून जातात. आतां अंतःस्तर हा नायट्रिक ऑक्साइड नांवाचा एक वायु सतत थोडथोडा सोडीत असतो. हा वायु वाहिनीच्या स्नायूंना सैल ठेवतो, म्हणून वाट रुंद राहते. शिवाय तो भिंतीवर कड्या उभ्या राहूं देत नाहीं, आणि प्लेटलेटांना गोळा होऊं देत नाहीं. या वायूच्या कार्याचा शोध लावणाऱ्या तिघां शास्त्रज्ञांस १९९८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. हिमोग्लोबिन हें या वायूचें हाडवैरी. गांठ पडली कीं तें त्याला नाहींसें करतें. हिमोग्लोबिन पेशीच्या आवरणांत बंद असतें तोंपर्यंत ही गांठ क्वचित्‌ पडते. तें मोकळें सुटलें म्हणजे भिंतीला लागूनच वायूचा फडशा पडूं लागतो. २००२ सालीं मार्क ग्लॅडविन यांच्या मंडळीनें रोग्यांच्या रक्तद्रवाची परीक्षा करून हें सिद्ध केलें. वायु घटला कीं वाहिनी आंखडते, कड्या वाढतात, पेशी चिकटतात. चिकटलेल्या पेशी फुटतात. फुटलेल्यांतून पुन्हा हिमोग्लोबिन सांडतें. हिमोग्लोबिनमधील लोहयुक्त भाग, ज्यास ‘हीम’ म्हणतात, तोही स्वतंत्रपणें भिंतीस डिवचतो. जंतूंची चाहूल घेणारें भिंतीचें जें इंद्रिय, तेंच त्यानें जागें होतें. घरांत चोर नाहीं, तरी कुत्रें रात्रभर भुंकत राहावें, तसा हा प्रकार आहे.

त्यांत आणखी भर पडते ती वाट मोकळी झाल्यावर. कांहीं काळ प्राणवायूवांचून तळमळलेल्या भागास एकाएकीं रक्त मिळालें म्हणजे त्या प्राणवायूपासूनच दाहक द्रव्यें उत्पन्न होतात आणि भिंत पुन्हा पोळते. झटका ओसरल्याचा आनंद होत असतांना पुढच्या झटक्याची तयारी अशी आंतल्या आंत चाललेली असते.

लहान वाहिन्यांत तुंबारा होतो, हें येथवर सांगितलें. मोठ्या धमन्यांची हानि निराळ्या रीतीची, संथ व अधिक क्रूर आहे. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनींत एखादी पेशी अडकणें शक्यच नाहीं, तिचा घेर तिच्या शेकडों पटींनीं मोठा असतो. तेथें अंतःस्तराचा पुनःपुन्हा होणारा क्षोभ भिंत आंतून जाड करीत जातो, आणि वाट आंखडते. परिणामीं चारपांच वर्षांच्या मुलासही पक्षाघात होऊं शकतो. सुदैवानें याची चाहूल आधीं घेतां येते. अरुंद वाटेंतून रक्त वेगानें धांवतें. कानशिलाजवळ ध्वनिलहरींचें यंत्र धरून हा वेग मोजतात. तो सेकंदास २०० सेंटिमीटर अथवा अधिक भरला, तर धोका जवळ आला असें समजावें. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका प्रयोगांत अशा मुलांना नियमितपणें रक्त दिलें असतां पहिल्या पक्षाघाताचें प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटलें. यंत्र साधें, वेदनारहित. पण तें शिकलेल्या हातांत हवें, आणि असे हात आपल्याकडे आदिवासी भागांत पोंचणें अद्याप बाकी आहे.

इतर अवयवांचें थोडक्यांत सांगतां येईल. तान्ह्या मुलांत हातापायांचीं बोटें सुजून येणें ही बहुधा रोगाची पहिली खूण असते. ती जन्मल्याबरोबर दिसत नाहीं. कारण गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन निराळें असून दोर वळण्यास तें विरोध करतें, आणि तें पहिल्या सहा महिन्यांत ओसरत जातें. ब्रुकलिनच्या जॅनेट वॉटसन या बालवैद्य बाईंनीं हें १९४८ मध्येंच ओळखलें होतें. पानथरींत, म्हणजे प्लीहेंत, रक्त संथ वाहतें, म्हणून ती लवकर निकामी होते. आणि ती गेली म्हणजे न्यूमोनियाच्या जंतूंपुढें मूल उघडें पडतें. १९८६ सालच्या एका प्रयोगांत लहान मुलांस नित्य पेनिसिलिन दिल्यानें असे जंतुविकार ८४ टक्क्यांनीं कमी झाले. याखेरीज मांडीच्या हाडाचा खुब्यांतील गोळा, डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड, फुप्फुस, जेथें जेथें बारीक वाहिन्यांचें जाळें आहे, तेथें तेथें हा रोग आपली निशाणी ठेवतो.

भारतांतील रोग्यांत गर्भकालीन हिमोग्लोबिन आफ्रिकेंतील बहुतेक रोग्यांपेक्षां अधिक टिकून राहतें, त्यामुळें येथील रोग सौम्य, असें बराच काळ मानलें जात असे. पानथरी येथें अधिक वर्षें तग धरते, हें खरें. पण विदर्भांतील मुलांस वारंवार झटके येतात व रक्त द्यावें लागतें, हेंही तितकेंच खरें. आणि ‘सौम्य’ या शब्दानें उपचाराची निकड दृष्टीआड होते, हा त्याचा तोटा.

उपचारांचा विचार करतां भिंतीचें महत्त्व पुन्हा प्रत्ययास येतें. हायड्रॉक्सियुरिया हें औषध गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढवितें म्हणून देऊं लागले. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत २९९ प्रौढ रोगी होते. वर्षाकांठीं येणारे झटके औषधानें ४.५ वरून २.५ वर आले. परंतु एक चमत्कारिक गोष्ट निदर्शनास आली. हिमोग्लोबिन वाढण्यास महिने लागतात, आणि पेशींचा चिकटपणा मात्र दोनतीन आठवड्यांतच उतरतो. कारण हें औषध मज्जेची घाई कमी करतें, आंकड्यांसह बाहेर पडणाऱ्या कोंवळ्या पेशी घटतात, आणि पांढऱ्या पेशींची संख्याही खालीं येते. हेतु एक धरून दिलेलें औषध दुसऱ्याच दारानें उपयोगी पडलें. तें गोळीच्या रूपानें घेतां येतें व महाग नाहीं. रक्ताची तपासणी मात्र ठराविक काळानें करीत राहावें लागतें.

थेट भिंतीवरील कडीच झांकून टाकण्याचा प्रयत्नही झाला. ‘क्रिझान्लिझुमॅब’ असें लांबलचक नांव असलेलें एक प्रथिन सिलेक्टिनवर जाऊन बसतें. २०१७ सालच्या प्रयोगांत त्यानें वर्षाकांठचे झटके २.९८ वरून १.६३ वर आणले, आणि २०१९ सालीं अमेरिकेंत त्यास परवानगी मिळाली. पुढील मोठ्या प्रयोगांत मात्र हा लाभ दिसून आला नाहीं, आणि २०२३ सालीं युरोपीय संघानें त्याचा परवाना रद्द केला. उपपत्ति खोटी होती असें यावरून ठरत नाहीं. भिंतीवर कड्या अनेक आहेत, आणि एक झांकली तर दुसरी काम करूं शकते. २०२३ सालींच, रोग्याच्या मज्जेंतील पेशी काढून, त्यांचें जनुक सुधारून परत देण्याच्या उपचारास ब्रिटन व अमेरिका येथें मान्यता मिळाली. तो गर्भकालीन हिमोग्लोबिन पुन्हा जागें करतो. त्याचा खर्च कोट्यवधि रुपयांचा आहे. गडचिरोलीच्या मुलाशीं त्याचा सध्यां कांहीं संबंध नाहीं.

त्या मुलाशीं संबंध आहे तो पाण्याशीं, थंडीशीं आणि तापाशीं. पाणी कमी प्यालें कीं पेशी आक्रसते, हिमोग्लोबिन दाट होतें व विलंबाची मुदत घटते. अंग गारठलें कीं त्वचेंतील वाहिन्या आंखडतात आणि प्रवाह मंदावतो. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तासन्‌तास चिखलपाण्यांत उभें राहून भर पावसांत काम करणाऱ्यांत झटके उठावेत, यांत आश्चर्य नाहीं. ताप आला कीं भिंतीवर कड्या उभ्या राहतात. म्हणून अशा मुलाचा ताप हा घरीं बसून काढावयाचा ताप नव्हे, त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

झटका आलेला रोगी दवाखान्यांत येतो, तेव्हां त्याच्या अंगावर जखम नसते, हाड मोडलेलें नसतें, कित्येकदां सूजही नसते. हिमोग्लोबिनचा आंकडाही त्याच्या नेहमींच्या आंकड्याहून फारसा निराळा नसतो. बाहेरून कांहींच दिसत नाहीं आणि रोगी तर विव्हळत असतो. अशा रोग्यास ढोंगी समजण्याचा प्रकार शिकागोपासून विदर्भापर्यंत सर्वत्र घडलेला आहे. शाळेंत कामचुकार, सासरीं आळशी, इस्पितळांत नशेची सुई मागणारा, अशीं विशेषणें अशा माणसांनीं ऐकलेलीं आहेत. आंत काय चाललें आहे, तें वर सांगितलेंच आहे. हाडाच्या पोकळींत वाहिन्या बुजल्या म्हणजे मज्जा प्राणवायूवांचून मरूं लागते, आणि ताठर हाडांत सूज पसरण्यास जागा नसल्यानें दाब वाढत जातो. ही वेदना मनुष्यास होणाऱ्या तीव्रतम वेदनांपैकीं आहे. अमेरिकेंतील जाणत्या वैद्यांनीं असा दंडक सांगितला आहे कीं, अशा रोग्यास दवाखान्यांत पाऊल टाकल्यापासून एका तासाच्या आंत पुरेशा शक्तीचें वेदनाशामक मिळालें पाहिजे, आणि वेदना किती आहे याचा पुरावा म्हणून रोग्याचा शब्दच धरावा.

भारत सरकारनें १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथें या रोगाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटि लोकांची तपासणी करण्याचा तिचा संकल्प आहे. अशा तपासणींत विवाहयोग्य तरुणतरुणींचा विचार प्रथम मनांत येतो, आणि तो योग्यच आहे. तथापि नवजात अर्भकांचा विचार त्याहून निकडीचा वाटतो. टांचेंतून घेतलेल्या रक्ताच्या दोन थेंबांवरून रोग ओळखतां येतो, आणि मग सूज, ताप अथवा पहिला झटका येण्यापूर्वींच पेनिसिलिन, लसी व पुढें हायड्रॉक्सियुरिया सुरू करतां येतें. उशीर झाल्यास औषध पुढचे झटके कमी करील. पण खचलेला खुब्याचा गोळा त्यानें पुन्हा उभा राहत नाहीं, आणि मेंदूचा जो भाग एकदां प्राणवायूवांचून मेला, तो परत मिळत नाहीं.